एकच अल्बम, दोन उलट प्रतिसाद: श्रोत्यांचं मत पुरावा म्हणून कसं वाचायचं?

संगीत, नाटक, सिनेमा किंवा लोककला यांवर संशोधन करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: 'श्रोत्यांचा प्रतिसाद प्रश्नावलीद्वारे जाणून घेण्यात येईल.' वाक्य निरुपद्रवी दिसतं, त्यामुळे गाइडही त्यावर फारसे अडत नाहीत. अडतं ते पुढे, डेटा हातात आल्यावर. शंभर जणांनी 'आवडलं' म्हटलं, म्हणजे नक्की काय सिद्ध झालं? आणि कुणीच काही म्हटलं नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

या प्रश्नासाठी आज एक अल्बम घेऊया. तो मुंबईत तयार झाला. एका वादकानं आपल्याच यंत्रांवर, आपल्याच कल्पनेनं तो बांधला. त्याला प्रतिसाद मिळाला तो दोनदा. पहिल्यांदा जवळजवळ शांतता, आणि २८ वर्षांनी देशोदेशींच्या श्रोत्यांकडून वाहवा. रेकॉर्ड तीच, सूर तेच. मग बदललं काय?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकणं बरं. १९८२ च्या शांततेवरून या अल्बमबद्दल जो निष्कर्ष काढतात तो कच्चा आहे, आणि २०१० च्या कौतुकावरून जो काढतात तो त्याहून कच्चा आहे. दोन्हीकडे चूक एकच होते. प्रतिसाद कुठे, कशावर आणि कोणत्या कानांनी दिला गेला हे नोंदवलं जात नाही, आणि तो सरळ कलाकृतीच्या खात्यावर जमा केला जातो.

अल्बममध्ये आहे तरी काय

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतातले वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत ते गिटार, बास, कीबोर्ड वाजवत. अशा वादकांचं वाजवणं घराघरात पोचतं, नाव मात्र पोचत नाही. सिनेगीतांच्या चाली वाद्यांवर वाजवलेल्या रेकॉर्डही त्यांनी केल्या होत्या. बाजारात नवं वाद्य आलं की ते हाताळून बघायचं, ही त्यांची सवय. सिंगापूरहून त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची नवी यंत्रं आणली. या अल्बममध्ये अशी तीन यंत्रं आहेत: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बासचं छोटं यंत्र. टीआर-८०८ बाजारात आलं १९८० साली, बाकीची दोन त्यानंतर. म्हणजे १९८२ साली ही यंत्रं अगदी ताजी होती.

अल्बमचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सगळे एचएमव्ही म्हणत त्यांनी, ती एलपी काढली. दहा तुकडे, दहा राग. ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी हे त्यातले. प्रत्येक तुकडा साधारण पाच मिनिटांचा. खाली डिस्कोचा ठोका, प्रत्येक मात्रेवर एक. त्याच्यावर बासची फिरती ओळ, आणि त्याच्यावर हातानं वाजवलेली रागाची बढत.

कल्पना कशी सुचली, हे चरणजित सिंगांनी 'द गार्डियन'ला २०११ साली दिलेल्या मुलाखतीत सांगितलं आहे. त्या काळात सिनेमात डिस्कोचा सुळसुळाट होता. त्याच डिस्कोचा ठोका घेऊन काहीतरी वेगळं करावं, राग वाजवावेत आणि तबला काढून टाकावा, असं त्यांच्या मनात आलं. इतकी साधी गोष्ट. भविष्याचं संगीत घडवायची भाषा त्यात कुठेच नाही. समोर असलेल्या दोन गोष्टी, ओळखीचे राग आणि ओळखीचा ठोका, एकत्र ठेवून बघू, असा कसबी वादकाचा हिशोब आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९८२: शांततेचा अर्थ

रेकॉर्ड खपली नाही आणि विस्मरणात गेली. यावरून सरळ म्हटलं जातं की लोकांना ती आवडली नाही, किंवा काळाच्या फार पुढे होती. दोन्ही वाक्यं ऐकायला बरी वाटतात. पण संशोधक म्हणून आपण विचारायला हवं, की ही वाक्यं कोणत्या पुराव्यावर उभी आहेत?

'भारतीय श्रोता तयार नव्हता' हे आधी तपासू. १९८० साली 'कुर्बानी' आला. त्यातलं बिद्दू यांनी संगीत दिलेलं आणि नाझिया हसन यांनी गायलेलं डिस्को गाणं गल्लोगल्ली वाजलं. १९८१ साली त्याच जोडीचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला, तोही गाजला. १९८२ च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर' प्रदर्शित झाला. म्हणजे यंत्राचा ठोका आपल्या श्रोत्याला परका नव्हता. राग तर परके नव्हतेच, सिनेगीतं आणि नाट्यपदांमधून ते आपल्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहेत. दोन्ही घटक ओळखीचे असताना, त्यांची जोडी न आवडण्याचं कारण 'तयारी नव्हती' एवढंच सांगून भागत नाही.

आता दुसरी शक्यता बघा. ही रेकॉर्ड दुकानात ठेवायची कुठे? सिनेमाच्या खणात ठेवावी तर सिनेमाचं एकही गाणं नाही. शास्त्रीयच्या खणात ठेवावी तर तबला नाही, तानपुरा नाही, वरून नावात डिस्को. नाचायला घ्यावी तर शब्द नाहीत, गायिका नाही, हिरो नाही. 'कुर्बानी'चं गाणं लोकांपर्यंत न्यायला एक अख्खा सिनेमा होता. चरणजित सिंगांच्या एलपीच्या पाठीशी काय होतं? एक कव्हर आणि एक यादी. शिवाय रेकॉर्ड प्लेअर घरी असणं ही तेव्हा मोजक्या घरांची गोष्ट. कॅसेटची लाट पुढच्या काही वर्षांत आली. डिस्कोथेक म्हणावं असं काही होतं ते मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलांत.

यातून दोन वेगळे दावे तयार होतात. एक: लोकांनी ऐकलं आणि नाकारलं. दोन: लोकांपर्यंत ते ऐकण्यासारख्या स्थितीत पोचलंच नाही. विक्रीचा आकडा दोन्ही दाव्यांत सारखाच दिसेल, कमी. म्हणजे विक्रीचा आकडा या दोन दाव्यांत निवड करू शकत नाही. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर, ज्या पुराव्यानं दोन स्पर्धक गृहीतकांमध्ये फरकच पडत नाही, तो पुरावा त्या प्रश्नासाठी निरुपयोगी. दुसऱ्या एखाद्या प्रश्नासाठी तो सोन्यासारखा असू शकतो. उदाहरणार्थ, कंपनीनं पुढची अशी एलपी का काढली नसेल, हा प्रश्न.

शिकागोत त्याच यंत्राचं काय झालं

तुलनेसाठी आता अमेरिकेत जाऊ, कारण तिथे याच टीबी-३०३ ची दुसरी गोष्ट आहे आणि तीही प्रतिसादाचीच आहे.

हे यंत्र रोलँडनं काढलं होतं ते एकट्यादुकट्या गिटारवादकाला साथीला बास मिळावा म्हणून. खऱ्या बास गिटारसारखा आवाज काही त्यातून येईना. सूर भरण्याची पद्धतही किचकट. १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं आणि यंत्रं सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोतल्या फ्युचर या गटाच्या तरुणांनी, म्हणजे डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे यांनी, असंच एक जुनं यंत्र घेतलं. बास वाजवायच्या ऐवजी त्याची बटणं वाजता वाजता फिरवली. त्यातून पिळवटलेला, चिरकणारा एक आवाज निघाला. त्याची टेप त्यांनी म्युझिक बॉक्स या क्लबात डीजे रॉन हार्डीला दिली.

पुढची हकीकत डीजे पिएर यांनी अनेकदा सांगितली आहे. हार्डीनं ती टेप पहिल्यांदा लावली तेव्हा नाचणारे गोंधळले, फ्लोअर रिकामा झाला. त्यानं त्याच रात्री ती पुन्हा लावली. मग पुन्हा. चौथ्या वेळी लोक बेभान झाले. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' या नावानं ती १९८७ साली ट्रॅक्स रेकॉर्ड्सनं काढली, आणि अ‍ॅसिड हाउस या प्रकाराची सुरुवात सहसा तिथून मोजतात.

(कंसातला मुद्दा, पण महत्त्वाचा: ही नंतर सांगितलेली आठवण आहे. एका रात्रीत चार वेळा हा तपशील गोष्टीत फार चपखल बसतो, म्हणून तो जरा जपूनच वापरावा. त्यातला मुख्य भाग, म्हणजे टेप क्लबात आधी वाजली आणि रेकॉर्ड नंतर निघाली, हा आपल्याला पुरेसा आहे.)

समजा, हार्डीनं टेप एकदाच लावली असती आणि आपण दारात प्रश्नावली घेऊन उभे असतो. निष्कर्ष काय निघाला असता? 'बहुसंख्य श्रोत्यांना हे संगीत आवडले नाही.' तक्ता क्रमांक ४.३, पाय-आकृती, टक्केवारी, सगळं बिनचूक. आणि तरी आपण काहीच शिकलो नसतो, कारण अपरिचित आवाजाला पहिल्या ऐकण्यात मिळालेली नापसंती आणि चौथ्या ऐकण्यातली पसंती या वेगळ्या गोष्टी आहेत.

शिकागोत त्या संगीताला चारदा ऐकवणारी जागा होती. ऐकवणारा माणूस होता, तेच तेच लोक आठवड्याला परत येत होते, आणि त्यांचा प्रतिसाद पायांतून ताबडतोब दिसत होता. मुंबईतल्या एलपीला असं काही मिळालं नाही.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. आपल्या नगर जिल्ह्यात वरातीत डीजेवाला काय करतो? एक गाणं लावतो, पोरं थांबली की अर्ध्यात तोडून दुसरं लावतो. तमाशाच्या फडात तर हे शास्त्रच होतं. कांताबाई सातारकर आयुष्याची मोठी कारकीर्द गाजवून संगमनेरला राहिल्या. त्यांच्यासारख्या कलावंतांच्या फडात प्रेक्षक शिट्टी, वन्स मोअर आणि दौलतजादा यांतून जागच्या जागी बोलायचा, आणि फड त्याप्रमाणे रात्रीतल्या रात्री बदलायचा. या जागांमध्ये प्रतिसाद हा संगीत घडवणाऱ्या यंत्रणेचाच भाग असतो. एलपीमध्ये तो नंतर येतो, आला तर.

२०१०: कौतुकाचा अर्थ

२००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ही एलपी दिल्लीत एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मिळाली. ऐकून तो चक्रावला. पुढे त्यानं चरणजित सिंगांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० साली आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर अल्बम पुन्हा काढला. मग जे झालं ते १९८२ च्या अगदी उलट. आधी संशय: हे खरं असणं शक्यच नाही, कुणीतरी आजच्या संगीतकारानं जुनं कव्हर लावून केलेली थट्टा आहे. ब्रिटिश संगीतकार एफेक्स ट्विनचं नावसुद्धा यात घेतलं गेलं. मग आश्चर्य, आणि मग मथळे: अ‍ॅसिड हाउसचा शोध शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत लागला. तोही चुकून, नकळत.

सत्तरीतल्या चरणजित सिंगांनी त्यानंतर युरोपात हे राग रंगमंचावर वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवणाऱ्या माणसाला अखेरीस स्वतःच्या नावावर श्रोते मिळाले, याचा आनंद कुणालाही व्हावा. मलाही आहे. पण आनंद बाजूला ठेवून मथळा तपासू.

पहिली गोष्ट, साम्य आणि प्रभाव यांत गल्लत नको. दोन कृती सारख्या वाटतात हे एक विधान. एकीतून दुसरी आली हे वेगळं विधान, आणि त्याला दुवा दाखवावा लागतो: कुणी ऐकलं, कधी, कसं. शिकागोतल्या तरुणांपर्यंत मुंबईची ही एलपी पोचल्याचा कुठलाही दुवा कुणी दाखवलेला नाही. मग 'शोध' म्हणायचं कशाच्या आधारे? त्याच काळात ब्रिटनमध्ये ऑरेंज ज्यूस या बँडनं 'रिप इट अप' या गाण्यात टीबी-३०३ वापरलं होतं. यंत्र आधी वापरलं हा निकष लावला, तर दावेदारांची रांग लागेल.

दुसरी गोष्ट, हे साम्य आलं कुठून याचं उत्तर मथळ्यात नाही, पण संगीतात आहे. त्यासाठी योगायोग किंवा द्रष्टेपणा दोन्हींची गरज पडत नाही. टीबी-३०३ मध्ये स्वरांचा एक छोटा आकृतिबंध भरतात आणि तो फिरत राहतो. कोणत्या स्वरावर जोर द्यायचा आणि कोणत्या स्वरावरून पुढच्यावर घसरत जायचं, एवढी सोय त्यात असते. आता रागाचा विचार करा. रागात षड्ज स्थिर असतो, पाश्चात्त्य गाण्यासारखी कॉर्ड बदलत नाही. त्यामुळे रागवादकानं या यंत्रात बास भरला तर एकाच षड्जाभोवती फिरणारी, न बदलणारी ओळ तयार होणार. शिकागोतल्या पोरांनाही कॉर्डची बदलाबदल नको होती, त्यांना नाचणाऱ्याला गुंगवणारी एकच ओळ हवी होती. यंत्र तेच, ठोका डिस्कोतूनच आलेला, आणि दोन्हीकडे स्वरांचा पाया स्थिर. दोन वेगळ्या गरजा एकाच आवाजाशी येऊन थांबल्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१० चा श्रोता हा वीस-बावीस वर्षं अ‍ॅसिड हाउस ऐकून तयार झालेला श्रोता आहे. त्याच्या कानाला टीबी-३०३ चा आवाज लगेच ओळखू येतो, कारण शिकागोनं तो ओळखायला शिकवलं. म्हणजे चरणजित सिंगांच्या अल्बमला मिळालेली दाद शिकागोच्या पोरांनी आधी तयार करून ठेवलेल्या कानांमधून आली. आणि मग त्याच दादेचा वापर करून म्हणायचं की श्रेय शिकागोचं नाही! हे तर्काला धरून नाही, आणि न्यायालाही धरून नाही. शिकागोचं हाउस संगीत उभं केलं ते मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांनी, त्यांच्या स्वतःच्या क्लबांमध्ये. आपला माणूस पहिला, या अभिमानात त्यांचं नाव पुसायला आपण हातभार लावू नये.

आणि चरणजित सिंगांचं तरी त्यात काय भलं होतं? 'चुकून शोध लावला' या वाक्यात त्यांनी जाणूनबुजून जे केलं, ते गायब होतं. त्यांनी जे ठरवलं होतं तेच केलं: तबला काढला, ठोका ठेवला, राग वाजवला. अल्बमच्या नावात ते लिहूनही ठेवलं. त्यांचा हेतू इतका स्पष्ट असताना त्यांच्या कामाचं मोल दुसऱ्याच्या संगीताशी असलेल्या साम्यावर ठरवणं, म्हणजे त्यांना एकदा न ऐकणं आणि दुसऱ्यांदा चुकीचं ऐकणं झालं.

मग अल्बम कसा आहे?

प्रतिसादाबद्दल एवढं बोलून स्वतः मत द्यायचं टाळलं तर ती पळवाट होईल. म्हणून माझं मत, आणि ते कशावर दिलं तेही: पुन्हा निघालेल्या आवृत्तीवर, हेडफोनवर, अनेकदा ऐकून. म्हणजे मीही २०१० नंतरचाच कान.

माझ्या मते या अल्बमची ताकद रागाची निवडक स्वरसंगती यंत्राच्या हाती देण्यात आहे. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत. बैरागीत गांधार आणि धैवत नाहीत. कलावतीत रिषभ, मध्यम नाहीत. पाचच स्वर, मधे मोकळ्या जागा. अशी संगती फिरत्या बासला फार मानवते, कारण प्रत्येक उडीत रागाची ओळख राहते. ललतात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात. या खेटून बसलेल्या स्वरांमुळे यंत्राच्या आवाजाला एक अस्वस्थ धार येते, ती मला शास्त्रीय मैफलीतल्या ललतात अशी जाणवत नाही.

कमजोरीही तिथेच आहे. टीबी-३०३ चं घसरणं मिंडेसारखं वाटतं खरं, पण त्याची गती ठरलेली. मींड घेणारा वादक वाटेत रेंगाळतो, एखाद्या श्रुतीला स्पर्श करून पुढे जातो. यंत्र बारा समान स्वरांच्या पायऱ्यांवर उभं आहे, तिथे असं रेंगाळणं नाही. तोडीचा गांधार ज्या हेलकाव्यामुळे तोडीचा होतो, तो हेलकावा बासच्या ओळीत येऊ शकत नाही. वरची हातानं वाजवलेली ओळ ती उणीव काही प्रमाणात भरून काढते. आणि दहाही तुकड्यांना जवळपास एकच चाल असल्यामुळे सलग ऐकताना रागांचे स्वभाव एकमेकांत मिसळतात. मेघमल्हार आणि मधुवंती यांना एकाच पट्टीनं मोजल्यासारखं होतं. एकेक तुकडा सुटा ऐका, जास्त मिळेल.

हे माझं मत पटायलाच हवं असं नाही. पण ते कशावर उभं आहे ते तुम्हाला दिसतंय, त्यामुळे तुम्ही ते खोडू शकता. 'काळाच्या पुढे' हे शब्द खोडताच येत नाहीत, म्हणून ते समीक्षेत कामाचे नाहीत.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता आपल्याकडे येऊ. समजा, तुमचा विषय आहे नगर जिल्ह्यातल्या तरुणांनी स्वतः तयार केलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत. श्रीरामपूर, संगमनेर, शेवगाव, कुठेही, एक लॅपटॉप आणि हेडफोन असले की आज अल्बम तयार होतो. कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. एका संध्याकाळी अल्बम जगभर उपलब्ध होतो. उपलब्ध असणं आणि ऐकलं जाणं यातलं अंतर मात्र १९८२ इतकंच आहे, कधीकधी जास्तच. अशा विषयात प्रतिसाद गोळा करताना निदान एवढं नोंदवा.

१. कशावर ऐकलं. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खालचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. 'गाण्यात दम नाही' हे मत गाण्याबद्दल असेल किंवा स्पीकरबद्दल. साधन नोंदवलं नसेल तर दोन्ही वेगळं करता येणार नाही.

२. कितव्यांदा ऐकलं. पहिल्या आणि चौथ्या ऐकण्याचं मत वेगळ्या रकान्यात घ्या. शक्य असेल तर त्याच श्रोत्यांकडे आठवड्यानं परत जा. कष्ट आहेत, पण मग तुमच्याकडे 'बदल' हा डेटा येतो, तो प्रश्नावलीच्या एका फेरीत कधीच येत नाही.

३. श्रोता कोण, आणि कलाकाराचा कोण लागतो. मित्रानं लिहिलेलं 'एक नंबर भावा' हे मैत्रीचं माप आहे. ते टाकून देऊ नका, वेगळं मोजा. अनोळखी माणसानं अर्ध्यात सोडून दिलेलं गाणं कदाचित तुम्हाला जास्त सांगेल.

४. आधी काय ऐकलेलं आहे. वरातीतला डीजे ऐकून तयार झालेला कान, भजनी मंडळातला कान आणि पुण्याच्या क्लबात जाऊन आलेला कान एकच गाणं वेगवेगळं ऐकतात. वय आणि शिक्षणाचे रकाने सगळेच ठेवतात, हा रकाना कुणी ठेवत नाही.

५. शांतता कोणत्या प्रकारची. ऐकून गप्प राहिले, की ऐकलंच नाही? हे दोन वेगळे आकडे आहेत. विश्लेषणात त्यांची बेरीज करू नका.

यातला पाचवा मुद्दा तुमच्या स्वतःच्या कामालाही लागू आहे. पहिला शोधनिबंध छापून येतो आणि कुणी एक ओळही कळवत नाही. परिसंवादात तुमचं वाचन संपतं, अध्यक्ष घड्याळ बघतात, प्रश्न एकही येत नाही. त्या वेळी 'माझं काम वाईट आहे' किंवा 'लोकांना कळत नाही' यातलं एक वाक्य पटकन मनात येतं. दोन्ही निष्कर्ष त्या शांततेतून निघत नाहीत. कामाचं मूल्यमापन हवं असेल तर ते पुन्हा, दुसऱ्या जागी, विषय जाणणाऱ्या चार माणसांसमोर ठेवावं लागेल.

शेवटी एक कामाची दिशा. १९८२ च्या शांततेचा प्रश्न सोडवता येण्यासारखा आहे. त्या काळात रेकॉर्ड विकणारी माणसं, आकाशवाणीवर वाद्यसंगीत निवडणारी माणसं, लग्नात लाउडस्पीकरवर रेकॉर्ड लावणारे मंडपवाले आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. नगरच्या बाजारपेठेतही अशी माणसं भेटू शकतात. कोणती एलपी कुठल्या खणात ठेवायचे, गिऱ्हाईक काय मागायचं, न खपलेला माल कुठे जायचा, एवढे तीन प्रश्न घेऊन त्यांच्याकडे बसलं तरी एका चांगल्या शोधनिबंधाची सामग्री होईल. आणि त्यांच्यातल्या दहा जणांनी जर सांगितलं, की लोकांनी ही रेकॉर्ड दुकानात वाजवून घेतली, नीट ऐकली आणि परत ठेवली, तर माझा वरचा अर्धा लेख मागे घ्यावा लागेल. कुणी हे काम हाती घेणार असाल तर मुलाखतीआधी प्रश्नांची यादी मला पाठवा, मिळून बघू.